पारव्यांची ज्वारी

आमच्या वऱ्हाडातील जुनी माणसे या पक्ष्याला पारवा म्हणतात. कबूतर हा शब्द पाळलेल्या, गिरक्या घेणाऱ्या, शौकिनांच्या पाखरासाठी राखून ठेवलेला असे. पडक्या विहिरीच्या कपारीत, वेशीच्या कमानीत किंवा देवळाच्या शिखरावर घुमणारा राखी पक्षी तो पारवा. शास्त्राच्या लेखी दोन्ही एकच, कोलंबा लिव्हिया. तरीही भाषेने केलेला हा भेद मला अर्थपूर्ण वाटत आला आहे. कबुतराला मालक असतो, पारव्याला नसतो. आज शहरांतून ज्यांच्यावरून एवढा वाद चालतो ते पक्षी या दोहोंच्या मधले आहेत. मालक कोणी नाही, दाणा मात्र रोज कोणीतरी टाकते.

आमच्या घरी तो दाणा आई टाकत असे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) येथे आमचे जुने माडीचे घर आहे. गाव व्यापाऱ्यांचे, वेशींचे, जुन्या वाड्यांचे. लाकडावरील कोरीव कामासाठी ओळखली जाणारी जैन मंदिरे येथे आहेत, आणि नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून गुरुमंदिरात बाहेरगावच्या भाविकांची वर्दळ असते. बाजार समितीच्या आवारात तूर आणि सोयाबीन सांडते. म्हणजे पारव्याला लागणारे सगळे येथे आहे: उंच कोनाडे, धान्य आणि पुण्य मिळवू इच्छिणारी माणसे. शेजारच्या जैन काकू आणि आई यांची पन्नास वर्षांची मैत्री. काकूंचे पाहूनच आईने गच्चीवर ज्वारी टाकायला सुरुवात केली असावी. वडील गेल्यानंतर तो तिचा दिवसाचा पहिला नेम झाला. ती वर गेली की चाळीस-पन्नास पारवे कठड्यावर उतरत आणि ती त्यांच्याशी काहीबाही बोलत राही. त्या बोलण्यात काय असे ते मी कधी लक्ष देऊन ऐकले नाही. आता वाटते, ऐकायला हवे होते.

२०२४ च्या दिवाळीनंतर तिला कोरडा खोकला लागला. गावातली औषधे झाली, वाफारे झाले, ज्येष्ठमध झाले. पुढे जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबू लागली. मार्च २०२५ मध्ये तिला अकोल्याला नेले. सिटी स्कॅन पाहून डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: घरात कूलर आहे का, आणि पक्ष्यांशी संबंध येतो का? दोन्हींची उत्तरे होकारार्थी होती. त्यांनी रोगाचे लांबलचक नाव सांगितले, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. हा जंतूंचा संसर्ग नव्हे. पक्ष्यांच्या विष्ठेतील व पिसांतील प्रथिने किंवा ओल्या जागेतील बुरशी श्वासावाटे सतत आत जात राहिली, की काही माणसांच्या फुप्फुसांना त्यांचे वावडे होते आणि ती सुजतात. वेळीच संपर्क तुटला तर सूज उतरते. न तुटला तर फुप्फुसात वण पडतात आणि ते जात नाहीत. औषध देतो, पण कारण घरातून गेले नाही तर त्याचा उपयोग नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

कूलरचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला होता. नंतर वाचनात आले, की फुप्फुसांच्या अशा विकारांची एक देशव्यापी नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली होती. २७ केंद्रांतील १०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांहून अधिकांना हाच आजार होता, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या घरी कूलर होता. पक्ष्यांशी संपर्क आलेल्यांचे प्रमाण त्याहून बरेच कमी होते. म्हणजे कबुतरांविरुद्ध आज जे आरोपपत्र वाचले जाते, त्यात सहआरोपी म्हणून आपला हा उन्हाळ्यातला सोबतीही उभा आहे. त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही. विदर्भात ते घेणे तसे अवघडच.

आमच्या घरी तर दोन्ही आरोपी एकाच जागी सापडले. दिवाळीला बंद केलेला कूलर आईच्या खिडकीतच उभा असतो. होळी झाल्यावर ताट्या बदलण्यासाठी मी मागची बाजू उघडली, तर आत पंपाशेजारी काटक्या, तारेचे तुकडे आणि वाळलेल्या विष्ठेचे एक घट्ट बैठे आळे होते. त्यात पिवळसर लव असलेली, डोळे नुकते उघडू लागलेली दोन पिल्ले. घरट्यापासून आईची उशी तीन हातांवर.

कूलर दुरुस्त करणारा मुलगा सोबत होता. "सर, दोन मिनिटांचं काम आहे, उचलून टाकतो," तो म्हणाला. त्यात क्रौर्य नव्हते. त्याला दिवसभरात असे चार कूलर करायचे होते. पोते त्याने हातात घेतलेही. आईच्या आजारपणाने मी इतका धास्तावलो होतो, की मान हलवणार होतो. आई दारात येऊन उभी राहिली होती. "त्या लेकरायले कायले हात लावतं? उडून जातीन ना आपोआप," ती म्हणाली आणि खोकू लागली.

पिल्ले उडायला चार-पाच आठवडे लागतात. घरटे दुसरीकडे ठेवून पाहावे, तर पारव्याचे जोडपे तेथे येईलच याची शाश्वती नाही, आणि या पिल्लांना आईबापांवाचून वाचवणे फार कठीण. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिले काही दिवस त्यांना धान्य चालत नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातील पिशवीत दह्यासारखा एक स्राव तयार होतो, त्यावरच ती वाढतात. बापानेही पाजावे अशी सोय निसर्गाने फार थोड्या पाखरांत केली आहे.

शेवटी आईला अमरावतीला बहिणीकडे पाठवले. खिडकी आतून प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी लावून बंद केली. कूलर तसाच राहिला आणि मी एप्रिलच्या रात्री गच्चीवर काढल्या. हे सांगताना मोठे पुण्य केल्याचा आव आणायचा नाही. बहिणीचे घर होते म्हणून दया परवडली. एका खोलीत राहणाऱ्या माणसाने त्या मुलाला मान हलवून होकार दिला असता, तर त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही.

दोन पिल्लांतले धाकटे मागे पडले होते. अंडी एकामागून एक, सुमारे दोन दिवसांच्या अंतराने घातली जातात. उशिरा निघालेले पिल्लू कित्येकदा दुबळे राहते. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते मेलेले दिसले. थोरले एप्रिलच्या मध्याला कठड्यावर आले आणि दोन दिवसांनी गेले. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "उडले काय रे दोन्ही?" मी हो म्हणालो.

त्यानंतरची कामे रुक्ष होती. वाळलेली विष्ठा कोरडी झाडायची नसते, धूळ उडते. म्हणून तोंडाला चांगला मास्क बांधून, सगळे पाण्याने भिजवून खरवडले. ताट्या जाळल्या. कूलरला मागून जाळी ठोकली, खिडकीच्या वरच्या खाचेत तिरपी फळी बसवली, म्हणजे काडी ठरत नाही. ते जोडपे आठवडाभर काड्या घेऊन येत राहिले. जाळीवर बसायचे, आत पाहायचे, काडी टाकून जायचे. बाजारात मिळणारा चिकट लेप मी आणला नाही, कारण त्यात चिमण्यांचेही पाय अडकतात. जाळी लावण्यापूर्वी मात्र आत कोणी अंड्यावर बसलेले नाही ना, हे पाहावेच लागते. नाहीतर तिला सोज्ज्वळ म्हणता येणार नाही, आत उपासमार होते.

खरा पेच गच्चीचा होता. कूलर बंद झाला, पण ज्वारी? याच सुमारास मी स्वित्झर्लंडमधील बाझल शहराची हकिकत वाचली. १९६१ ते १९८५ या काळात त्या शहराने सुमारे एक लाख कबुतरे मारली. संख्या वीस हजारांच्या आसपास होती, ती तशीच राहिली. मारलेल्यांची जागा पुढच्या विणीची पिल्ले भरून काढत, कारण पोटाला मिळणारे अन्न तेवढेच होते. एरवी उपासाने वा रोगाने मेली असती अशी पिल्ले आता जगत. १९८८ साली डॅनियल हाग-वाकरनागेल या जीवशास्त्रज्ञाने वेगळी मोहीम हाती घेतली. लोकांना समजावले, की जास्त दाणा म्हणजे जास्त पिल्ले, जास्त दाटी, रोगट आणि दयनीय थवे. सोबत देखरेखीची काही खुराडी उभारली आणि तेथील अंडी काढली. चार वर्षांच्या आसपास संख्या निम्म्यावर आली. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहराने आखलेल्या पद्धतीत तर अशा खुराड्यांतच दाणा देतात आणि अंड्यांच्या जागी खोटी अंडी ठेवतात. बार्सिलोनात मक्याच्या दाण्यावर नायकारबाझिन नावाचे औषध चढवून देतात. त्याने अंडे उबत नाही, औषध थांबले की परिणामही ओसरतो. बंदुकीने जे साधले नाही ते हात आखडता घेतल्याने साधले, हे मला आईला सांगायचे होते. पण दयेचा हात आखडता घे, हे आईला कसे सांगावे?

तेवढ्यात मुंबईचे प्रकरण उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये शहरातील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली, वाद उच्च न्यायालयात गेला, दाणा टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्याचे आदेश निघाले. दादरचा कबुतरखाना १९३३ चा. त्यावर घातलेली ताडपत्री ६ ऑगस्टला जमावाने फाडली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. पुढे पालिकेने वरळी, अंधेरी, ऐरोली-मुलुंड आणि गोराई अशा चार ठिकाणी सकाळी दोन तास दाणा टाकण्यास तात्पुरती मुभा दिली. आमच्याकडे दूरचित्रवाणीवर हे रोज चाले आणि त्यात एक बाजू फुप्फुसांची, दुसरी धर्माची, असे सरळ वाटप झालेले असे. माझ्या घरात दोन्ही बाजू एकाच बाईच्या छातीत होत्या. ताडपत्री एका रात्रीत घालणे मला पटले नाही. हजारो पाखरे ज्या दाण्यावर पोसली गेली तो एकाएकी बंद करणे म्हणजे त्यांना उपाशी सोडणे. तो आठवड्यागणिक कमी करावा लागतो. पण दाणा टाकण्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलेल्यांपैकी किती जणांनी कधी एखादे घरटे स्वच्छ केले असेल, हेही विचारावेसे वाटले. असो.

ज्वारीचे उत्तर काकूंनी दिले. एक दिवस त्या स्वतःच म्हणाल्या, "सर, आईंनी खाली यावं म्हणून मीही वर जाणं सोडते. मी टाकत राहिले तर त्यांना राहवणार नाही." दोघींच्या गच्च्यांवरचा दाणा मग मीच जूनपर्यंत टाकला, दर आठवड्याला मापाने थोडा कमी करत. पन्नासांचे तीस झाले, पावसाळ्यात दहा-बारा उरले. बाकीचे बाजार समितीकडे सरकले असणार. तेव्हा आमच्या गल्लीचा प्रश्न सुटला म्हणजे गावाचा सुटला, असे मी म्हणणार नाही. अंड्यांबद्दल मात्र काकू ठाम होत्या. "जाळी लावा, फळी लावा. पण अंड्याला हात नको. त्यात जीव नसतो का?" यावर मी नव्याने घातलेल्या अंड्यात पिल्लू अजून वाढू लागलेले नसते वगैरे बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि चहा पुढे केला.

ऑगस्टमध्ये त्याच जोडप्याने, निदान मी तेच समजतो, पाण्याच्या टाकीखाली घर केले. दोन अंडी. आई परत आली होती, खोकला निम्म्यावर आला होता. नुसती अंडी उचलली तर मादी थोड्याच दिवसांत पुन्हा घालते, हे ठाऊक होते. म्हणून मी सुताराकडून त्याच मापाची दोन लाकडी अंडी करून घेतली. कशाला म्हणून त्याने विचारले, मी शाळेसाठी म्हणालो. दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली. खरी अंडी अजून कोमट होती. ती मी परसात पुरली, फेकवली नाहीत. अठरा दिवसांत पिल्लू निघायचे. हे जोडपे तीन आठवडे बसले, दुपारी नर, रात्री मादी, एकदाही पाळी न चुकवता. मग एका सकाळी दोघेही आले नाहीत. मी ती लाकडी अंडी काढून आणली आणि टेबलाच्या खणात टाकली.

गेल्या महिन्यात आई चष्मा शोधत होती. तिने खण उघडला. एक अंडे उचलून तळहातावर फिरवले, खिडकीच्या उजेडात धरले.

"पारव्याएवढंच हाय," ती म्हणाली. मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. तिने ते दुसऱ्याच्या शेजारी नीट ठेवले, खण लावला आणि चष्मा देवघरात सापडेल म्हणून तिकडे गेली.