पाऊणकीचा हिशेब

वसईच्या माणसाला पाण्याच्या वेळा कोणास विचाराव्या लागत नाहीत, असे आम्ही गेल्या मार्गशीर्षापर्यंत मोठ्या ऐटीत सांगत होतो. तिथीला तीनांनी गुणावे व चारांनी भागावे, की भरतीची वेळ हाती येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. या पाऊणकीच्या हिशेबावर आमच्या आजोबांनी जन्मभर खाडी ओलांडली आणि तो आम्हांस पाढ्यांबरोबरच पाठ करविला. नोकरीनिमित्त हजीऱ्यास बिऱ्हाड केले, तेव्हा भांड्याकुंड्यांसमवेत हा हिशेबही आम्ही बरोबर आणला.

येथे तापीच्या मुखाशी कारखान्यांची मोठी वस्ती आहे. त्या वस्तीतील आम्ही दहाबारा जण सुटीच्या दिवशी कयाक घेऊन पाण्यावर जातो. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, निमुळती होडी. ग्रीनलंडकडील लोक लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती करीत व तीतून शिकारीस जात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून तिच्या शर्यतीही होऊ लागल्या. आमच्या कयाक मात्र साध्या प्लास्टिकच्या आहेत. वल्ह्याला दोन्ही टोकांस पाती असतात. एक डावीकडे बुडते तोवर दुसरे उजवीकडे वर निघते. नवशिका मनुष्य दंडांच्या जोराने वल्हवतो आणि अर्ध्या तासात थकतो. खरा जोर कमरेपासून वळणाऱ्या धडाचा असतो, हे समजण्यास आम्हांस तीन महिने लागले.

एकट्याने जायचे नाही, हा आमच्या मंडळींचा पहिला नियम. दुसरा असा, की सर्वांत सावकाश वल्हवणाऱ्याच्या चालीने सर्वांनी चालावे. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट व गळ्यात शिट्टी. या जाकिटाची थट्टा करणाऱ्यांस आम्ही व्हॉक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची गोष्ट सांगतो. तो १६९७ साली याच नदीत होडी उलटून पत्नीसह बुडाला. त्याची कबर पुढे गलबतांना मुख ओळखण्याची खूण झाली.

मंडळींत आमचे एक स्नेही खानदेशातले आहेत. तापी मुलताईहून निघून सातशे चोवीस किलोमीटर चालत येथे येते, तेव्हा वाटेत ती भुसावळावरून येते, याचा त्यांस फार अभिमान. "नदी आमची, तुम्ही नुसते शेवटाला उभे," असे ते आम्हांस चिडवीत. यावर आम्ही म्हणत असू, की नदी तुमची असेल, पण येथे तिच्यावर सत्ता समुद्राची चालते, आणि समुद्र आम्हांस कळतो.

मार्गशीर्ष वद्य तृतीयेच्या सहलीचा बेत आम्हीच आखला. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे पहाटे सव्वादोनला भरती आणि साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. साडेसातला निघावे, उतरत्या पाण्याबरोबर मुखाकडे जावे, साडेआठला वळावे आणि चढत्या पाण्यावर आरामात घरी यावे. खानदेशी स्नेह्यांनी एवढेच विचारले, "ही भरती कुठली, वसईची की इथली?" आम्ही हसलो. समुद्र काय दोन आहेत?

सकाळ फार सुरेख होती. जहाजांची वाट दूर टाकून आम्ही काठाकाठाने निघालो. तिवरांच्या मुळ्यांशी चिखल उघडा पडला होता व त्यावर निवट्या उड्या मारीत होत्या. पलीकडे डुमसचा किनारा धुक्यातून वर येत होता. आमचा पंधरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी प्रथमच स्वतंत्र कयाकमध्ये बसला होता व उत्साहाने पुढच्या जाणत्याच्याही पुढे जाऊ पाहत होता. कयाक इतक्या सहज चालत होत्या, की वल्हे टेकवण्याचेही काम पडेना. त्याच वेळी आम्हांस शंका यावयास हवी होती.

साडेआठला शिट्टी झाली व सर्वांनी नाके फिरवली. दहा मिनिटे वल्हवल्यावर पाहिले, तर काठावरचा तोच मोडका खांब अजून बाजूलाच होता. आणखी दहा मिनिटांनी तो आमच्या पुढे गेला होता. म्हणजे आम्ही वल्हवीत होतो पुढे आणि जात होतो मागे, मुखाकडे. पौर्णिमेचे उधाण अजून ओसरले नव्हते. पाणी ओढ्यासारखे धावत होते. चिखलावर उतरावे, तर तेथे मनुष्य मांडीपर्यंत रुततो. मुलगा आमच्यापासून साठसत्तर हात खाली गेला होता. त्याची शिट्टी तीनदा वाजली. ती ऐकताच आमच्या हातांतील बळ गेले, हे कबूल करण्यास आता लाज वाटत नाही.

मागे राहिलेल्या जाणत्या गृहस्थांनी आरडाओरड केली नाही. प्रवाह मधोमध जोराचा असतो व काठाशी मंद, तेव्हा सर्वांनी तिरके होऊन काठाकडे सरकावे, असे त्यांनी सांगितले व स्वतः मुलाकडे गेले. खाली मच्छीमारांची एक होडी नांगरून उभी होती. एकेक करून आम्ही तिच्या कडेला लागलो. मुलगा सर्वांच्या आधी तेथे पोहोचला होता व दोर धरून बसला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते, पण आम्हांस पाहून तो म्हणाला, "बाबा, साडेआठ वाजून गेले ना?"

होडीवर एक वृद्ध खलाशी जाळे निवडीत होता. वेळ कोणी काढली, असे त्याने गुजरातीत विचारले. आम्ही पाऊणकी सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली. ती त्यास ठाऊक असावी. मग म्हणाला, "भाई, पाण्याला तुमच्या गावाहून इथे यायला वेळ लागतो ना!"

खंबायतचे आखात आत निमुळते होत जाते. त्यात शिरणारी भरती दक्षिणेकडून चढत येते. जितके आत जावे, तितकी ती उशिरा पोहोचते आणि तितकी उंचही होते. भावनगराकडे तर उधाणाला भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांवर जाते, इतके भारतात दुसरीकडे कोठे नाही. हजीऱ्यापर्यंत यावयास पाण्यास वसईहून सुमारे दोन तास अधिक लागतात. आजोबांच्या हिशेबात चूक नव्हती. तो त्यांनी वसईसाठी केला होता.

आम्ही त्या होडीला धरून दोन तास बसलो. खलाशाने काळा चहा दिला. तो एकाच पेल्यातून सर्वांनी घेतला. साडेदहा वाजून गेल्यावर पाणी निश्चल झाले. मग नांगरलेल्या होडीचे नाक, कोणी हात न लावता, हळूहळू समुद्राकडे वळू लागले. "आता जा," तो म्हणाला.

येताना मुलगा आमच्या शेजारून वल्हवीत होता. तो बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. घरी उशिराचे कारण त्यानेच आईस सांगितले, आणि आमच्या हिशेबाचा भाग त्याने गाळला, हे आमच्या ध्यानात आले. तो भाग संध्याकाळी आम्ही सांगितला.

आता बंदराचे भरतीचे छापील कोष्टक आमच्या कपाटाच्या दारावर डकवलेले आहे. मुलगा सहलीस येतो व कोष्टक तोच वाचतो. खानदेशी स्नेही मात्र निघण्याच्या आदल्या रात्री न चुकता फोन करून विचारतात, "काय हो, वसईचे किती वाजले?"