पहाटेचं दूध कोणत्या तारखेचं?

चिखली तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राचा हिशेब जुळत नव्हता, म्हणून मला बोलावलं. सगळ्यांत आधी दूध घालणाऱ्यांचं दूध यादीत आदल्या दिवशी दिसायचं. दहा दिवसांचा हप्ता निघाला, की त्यांचं पहिल्या दिवसाचं दूध मागच्या हप्त्यात गेलेलं असे. एका आजोबांनी स्लिप पुढे केली. "याच्यावर अकरा तारीख हाये, तुमच्या यादीत दहा. मंग खरं कोन्तं?"

स्लिपवर फॅट, लिटर आणि पहाटेचे 5:20 छापलेले होते. यादीत तीच नोंद दहा तारखेच्या रात्री 11:50 ला! केंद्रावरच्या संगणकात एसक्यूलाइट होतं. त्यात वेळेच्या कॉलमला 'करंट टाइमस्टॅम्प' हे डिफॉल्ट दिलं, की यूटीसी वेळ पडते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. त्यामुळे साडेपाचच्या आत आलेला प्रत्येक जण आदल्या तारखेत जात होता.

कार्यालयात मायएसक्यूएल होतं. तिथे तेच डिफॉल्ट सेशनच्या टाइमझोनप्रमाणे चालतं, म्हणून तिथल्या नोंदी भारतीय वेळेत. नवीन सर्व्हरवर पोस्टग्रेस. ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. नेट गेलं की नोंदी साठायच्या आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चढायच्या. मग सगळ्या गावानं एकाच क्षणी दूध घातलं, असं दिसायचं.

दुधाची वेळ डिफॉल्टवर सोडायचीच नाही, असं आम्ही ठरवलं. काट्यावर वजन पक्कं झालं की प्रोग्रामच यूटीसी वेळ घेतो आणि तिन्ही डेटाबेसमध्ये तीच जाते. हप्त्याची तारीख आणि सकाळ-संध्याकाळ यांसाठी भारतीय वेळेनुसार वेगळे कॉलम केले. नोंद सर्व्हरवर कधी पोचली याचाही कॉलम ठेवला. डिफॉल्ट फक्त त्याला. जुन्या नोंदींत सरसकट साडेपाच तास मिळवले असते, तर कार्यालयातल्या बरोबर नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून नोंद कुठून आली ते पाहून, स्लिपांशी ताडून दुरुस्ती केली.

आता कुठलंही टेबल करताना मी आधी विचारतो: ही वेळ घटनेची की नोंदीची, आणि ती कोणत्या घड्याळाची? चाचणीत पहाटे 5:29 आणि 5:31 च्या नोंदी हमखास घालतो. ज्याच्या घरचा खर्च दुधाच्या हप्त्यावर चालतो, त्याची तारीख डेटाबेसच्या सवयीवर सोडणं मला मान्य नाही.