हेल्मेट वाढत्या अंगाचे नको

ईदचा कुर्ता असो की शाळेचा गणवेश, आपल्या घरांत मुलांचा कपडा वाढत्या अंगाचाच घेतला जातो. बाही आत दुमडायची, पुढच्या वर्षी उसवायची. मोठ्याला आखूड झालेला धाकट्याला होतो. यात कंजूषपणा नाही, हा संसाराचा हिशेब आहे. मुलांचे हेल्मेट मात्र या हिशेबात बसत नाही.

आम्ही वराळ्यात राहतो. बाजार, दवाखाना, पाहुणेरावळे, सगळ्यासाठी तळेगाव गाठावे लागते आणि तेही बहुतेक वेळा दुचाकीवरून. तळेगाव-चाकण रस्त्यावर कारखान्यांचे कंटेनर आणि ट्रेलर सतत धावत असतात. त्यांच्या बाजूने जाणाऱ्या स्कूटरवर अब्बूंच्या डोक्यावर हेल्मेट आणि लेकराचे डोके उघडे, हे रोज दिसते. "इथंच तर जायचंय," हे त्याचे कारण.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार चार वर्षांवरील मुलालाही भारतीय मानकाचे हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: डोक्यावर हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. शिवाय चालकाच्या मागे एकालाच बसता येते. म्हणून आमच्या घरी आता दोन मुलांसाठी दोन फेऱ्या होतात.

लेक सात वर्षांची झाली तेव्हा तिच्यासाठी हेल्मेट घ्यायला निघालो. दादी म्हणाल्या, "एक नंबर मोठंच घ्या, दोन वर्षं चालेल." आम्ही आधी घरीच शिवणाच्या टेपने माप घेतले: भुवयांच्या थोडे वर, कानांच्या वरून, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून गोल. ५२ सेंटीमीटर भरले. तेवढ्याच मापाचे हेल्मेट घेतले आणि दादींना कारणही सांगितले. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा कडक थर असतो. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि डोक्याला बसणारा मार कमी करतो. पण त्यासाठी तो डोक्याला लागून हवा. ढिले हेल्मेट डोळ्यांवर घसरते, नाहीतर पडताना निघूनच जाते.

दुकानात पाठीमागे आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहावा. मुलांची मान नाजूक असते, म्हणून त्यांतले हलके निवडावे. मग हनुवटीचा पट्टा लावून मुलाला मान जोराने हलवायला सांगावे. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर. हेल्मेट एकटेच फिरले तर मोठे आहे. पट्ट्याखाली एक-दोन बोटांपुरतीच जागा राहावी. मागून वर ढकलून पाहावे, निघता कामा नये.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मुलगी स्कार्फ बांधत असेल तर हेल्मेट स्कार्फसकटच घालून पाहावे. स्कार्फ पातळ, गाठ मानेखाली, आणि हेल्मेटखाली पिन एकही नको. मुलाची जाड गोल टोपी खिशात ठेवावी, मशिदीच्या दारात घालता येते.

मोठ्याचे हेल्मेट धाकट्याला द्यायचे असेल तर ते कधी जोरात आपटलेले नाही याची खात्री हवी आणि माप जुळायला हवे. आतला थर एकदा चेपला की बाहेरून चकाकणारे हेल्मेटही निकामी असते. त्यामुळे जुन्या बाजारातले, कुणी वापरलेले माहीत नसलेले हेल्मेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

लेकीचे डोके आम्ही दर सहा महिन्यांनी त्याच टेपने मोजतो. हेल्मेट घट्ट होऊन कपाळावर वळ उठू लागले की नवे घ्यायचे, हे ठरलेले आहे. त्या महिन्यात दुसरा एखादा खर्च पुढे ढकलू.