पहिली यात्रा

सारंगखेड्यास तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत अश्वस्पर्धा होतात. वडिलांनी आमचा नवखा घोडा कन्नडहून औट्रम घाटाने प्रथमच तेथे नेला. ढोल ऐकून तो बिचकला. स्वाराच्या देहातला ताण घोड्याला जाणवतो. म्हणून वर्षभराची तयारी असूनही वडिलांनी स्पर्धेचा हट्ट सोडला. त्याला कडेला उभे करून घरून नेलेले पाणी पाजले, मानेवरून हात फिरवला. सायंकाळी तो शांतपणे कडबा खाऊ लागला.

वाचकहो, दीर्घ आजारातून उठलेल्या आपल्या माणसालाही लग्नकार्यास प्रथम नेताना असेच जपावे. कडेची खुर्ची, घरचे पाणी आणि ओळखीचा हात जवळ असावा. थकवा दिसताच परतावे. पुढच्या वेळी ते माणूस स्वतःहून चपला शोधू लागेल.