कातळाची वाट सांगणारें पुस्तक

तापीच्या खोऱ्यांत राहणाऱ्या आम्हां दोंडाईचेकरांस उत्तरेकडे सातपुडा आणि नैर्ऋत्येकडे बागलाणच्या डोंगररांगा असा दुहेरी शेजार लाभला आहे. हल्लीं बाजारांत मिरची यावी तितक्या नेमानें येथील तरुण मंडळी सुटीच्या दिवशीं डोंगरावर निघतात. लळिंग झाला, भामेर झाला, कीं त्यांचें मन कातळाकडे वळतें. म्हणजे दोर लागत नाहीं, परंतु नुसते पाय पुरत नाहींत व हातांनीं खोबणी धराव्या लागतात, अशा वाटांकडे. मग पालक आम्हांस विचारतात, "गुरुजी, मुलाला कोणतें पुस्तक घेऊन द्यावें?"

उत्तर देण्यापूर्वीं आपल्या डोंगरांची घडण सांगणें भाग आहे. सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक आडवे साचून हा प्रदेश बनला. त्यामुळें सौम्य उतार, मग एकाएकीं ताठ कडा, वर पुन्हां सपाटी, असा क्रम एकाच डोंगरांत येतो. चालण्याचे डोंगर निराळे व चढण्याचे निराळे, अशी सोय येथें नाहीं. सर्वेक्षण खात्याच्या पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशांत समोच्चरेषा सामान्यतः २० मीटरांच्या अंतरानें असतात. दोन रेषांच्या मध्यें तीन मजली घराएवढा कडा खुशाल लपून राहूं शकतो. तो कोठें आहे व त्याला वळसा घालतां येतो काय, हें पुस्तकानें सांगावयाचें.

बहुतेक मराठी पुस्तकांत गड सोपे, मध्यम व कठीण असे लाविलेले असतात. आम्हां संस्कृत पढलेल्यांस यांत अतिव्याप्तीचा दोष दिसतो. साल्हेर हा महाराष्ट्रांतील सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटरांचा. तो कठीण म्हणावयाचा तर दमछाकीमुळें, कारण त्याच्या वाटेवर खोदीव पायऱ्या आहेत. अलंग-मदन कठीण ते तुटक्या कड्यांमुळें. तेथें दोर व जाणता सोबती यांवांचून जाणें हा निव्वळ अविचार. थकव्यालाही तोच शब्द आणि मृत्यूलाही तोच! इंग्लंड व वेल्समधील अशा वाटांच्या पुस्तकांत खडकाच्या अवघडपणाला १ ते ३ अशा स्वतंत्र श्रेणी देतात. आपल्याकडेही श्रम, खडक आणि दृष्टिभय हीं तिन्ही वेगळालीं सांगणारें पुस्तकच निवडावें.

गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' घरांत असावीच. पण ती गडाची ओढ लागावी म्हणून, वाट विचारण्याकरितां नव्हे. गॅझेटियरचेंही तेंच. खानदेशाचा खंड १८८० चा; साल्हेर मात्र १८८३ च्या नाशिक खंडांत शोधावा. त्या खंडांतील कित्येक गडांची माहिती कॅप्टन ब्रिग्जच्या १८१८ च्या पाहणीवरून घेतलेली आहे, आणि पुढें इंग्रजांनीं अनेक वाटा सुरुंगानें उडविल्या. प्रत्यक्ष वाटेसाठीं आनंद पाळंदे यांचें 'डोंगरयात्रा' व यंग झिंगारो ट्रेकर्सचें 'सांगाती सह्याद्रीचा' हीं चाळावींत; इंग्रजी वाचणाऱ्यानें हरीश कपाडिया यांचें 'ट्रेक द सह्याद्रीज' पाहावें.

चाळतांना आधीं आपण स्वतः चढलेल्या गडाचें पान उघडावें. लेखकाचे शब्द आपल्या पायांच्या आठवणीशीं जुळतात काय? घसारा, पाणी, चुकण्याची जागा, हीं त्यानें टिपलीं आहेत काय? तेथें जो मोघम, तो अनोळखी कड्यावरही मोघमच असणार. नंतर उतरण्याविषयीं काय लिहिलें आहे तें वाचावें. चढतांना खोबण डोळ्यांसमोर असते. उतरतांना ती पायानें चांचपावी लागते. आमचा एक माजी विद्यार्थी कोणा पुस्तकांतील "थोडें चढून माथा गांठावा" एवढ्या वाक्यावर विसंबून कातळ चढला, आणि दुपार टळेपर्यंत वरच अडकून बसला. शेवटीं एका गुराख्यानें त्याला दुसऱ्या बाजूनें खालीं आणिलें. ती दुसरी बाजू पुस्तकांत नव्हती! त्याच्या आईनें दुसऱ्या दिवशीं तें पुस्तक आमच्या पुढ्यांत आणून ठेविलें, तेव्हां तिला काय बोलावें, तें आम्हांस सुचेना.

आवृत्तीचें सालही पाहावें. पावसानें दरडी कोसळतात व वाटा बदलतात. भामेर व साल्हेर पचल्यावर नाशिककडील हरिहर हा चांगला पुढला धडा आहे. त्याच्या उभ्या पायऱ्यांत हात रोंवण्यास खोबणी कोरलेल्या आहेत. मात्र तेथें पावसाळा उलटून खडक पुरता वाळल्यावरच जावें, आणि उतरण्याचें वर्णन आदल्या रात्रीं दोघांनीं तरी वाचून ठेवावें.