बेसवरून फायनलकडे वळताना

धुळे, बारामती किंवा गोंदियाला विमान शिकणारा विद्यार्थी सुरुवातीच्या दिवसांतच एक आकडा घोकून ठेवतो : फायनलवर ६५ नॉट. सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानाचा हा उतरतानाचा नेहमीचा वेग. आकडा लगेच पाठ होतो. तो नेमका कशाचा वेग आहे, हे अंगात मुरायला मात्र पुष्कळ उड्डाणं जावी लागतात.

एअरस्पीड इंडिकेटरला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. पिटो नळीच्या तोंडावर येऊन थडकणाऱ्या हवेचा दाब आणि भोवतालचा स्थिर दाब, या दोहोंतला फरक तो दाखवतो. पंखालाही तेवढंच कळतं. समोरून १५ नॉटचा वारा असेल तर ६५ नॉटनं उडणारं विमान जमिनीवरून ५० नॉटनं सरकतं. तोच वारा पाठीमागून आला तर ८० नॉटनं. पंखाला दोन्ही सारखेच. चाकांना आणि ब्रेकना नाही, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० नॉटनं टेकलेल्या विमानाला थांबवताना ५० नॉटच्या मानानं अडीचपट ऊर्जा जिरवावी लागते.

उन्हाळा यात भर घालतो. समुद्रसपाटीपासून २,००० फुटांवरच्या दख्खनी धावपट्टीवर मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला, की विरळ हवेमुळे विमानाला आपण साडेपाच हजार फुटांच्या आसपास असल्यासारखं वाटतं. काट्यावर ६५ च दिसतात, पण वारा पडलेला असला तरी जमिनीवरचा वेग ७० नॉटच्या घरात जातो.

खरा धोका उतरण्याच्या एक वळण आधी असतो. बेस म्हणजे धावपट्टीशी काटकोनात उडायचा टप्पा, फायनल म्हणजे तिच्या रेषेतला. बेसवर वारा पाठीशी असला की खालची शेतं भराभर मागे पळतात. डोळ्यांना वेग भरपूर वाटतो, हात नकळत नाक वर उचलतो, काटा खाली येऊ लागतो. त्याच वाऱ्यानं विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकललं जातं. मग वळण आवळायचा मोह होतो. जमिनीच्या इतक्या जवळ जास्त कल द्यायची भीती वाटते, म्हणून पायलट आतल्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबून नाक ओढू पाहतो.

इथे गणित निष्ठुर आहे. उंची राखत ४५ अंशांच्या कलानं वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाही तो, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या झडपा, न उघडता सरळ उडताना ४८ नॉटला स्टॉल होणारं विमान ६० अंशांच्या वळणात ६८ नॉटलाच स्टॉल होतं. त्यात रडर चुकीचा दाबलेला असेल तर एक पंख आधी कोसळतो, विमान फिरकीत जातं, आणि पाचशे फुटांवर ती सोडवायला उंचीच उरलेली नसते.

वेग हुकला की हेच इतरत्रही घडतं. ९ जून २०१६ रोजी अमेरिकेत ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावर सिरस एसआर२० हे छोटं विमान मोठ्या जेट विमानांच्या रहदारीत उतरायचा प्रयत्न करत होतं. वारा बाजूनं होता. सूचना बदलत गेल्या, धावपट्टी बदलली, उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याची, म्हणजे गो-अराउंडची, पाळी एकापेक्षा अधिक वेळा आली. शेवटच्या वेळी पुरेसा वेग येण्याआधीच फ्लॅप मिटले गेले आणि विमान स्टॉल होऊन फिरकीत सापडलं. आतले तिघेही दगावले. तिथल्या एनटीएसबी या तपास संस्थेनं हे कारण नोंदवलंच, शिवाय ऐन नाजूक क्षणी कंट्रोलरनं दिलेल्या नको तितक्या गुंतागुंतीच्या सूचनेवरही बोट ठेवलं. माझ्या मते प्रत्येक फ्लाइंग क्लबात हा अहवाल वाचून घेतला पाहिजे, कारण इथे यंत्र बिघडलं नव्हतं.

पूर्वी अनेक विमानतळ म्हणजे मोकळी मैदानंच असत आणि वारा येईल त्या दिशेला तोंड करून उतरता येई. पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि दिशा ठरून गेली. मग बाजूच्या वाऱ्यात उतरणं ही वेगळी विद्या झाली : वाऱ्याकडचा पंख खाली, उलट बाजूचा रडर, आणि आधी वाऱ्याकडचं चाक टेकवायचं. वारा धावपट्टीशी ३० अंशांत असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ६० अंशांत जवळपास ८७ टक्के. सेसना १७२ च्या पुस्तिकेत १५ नॉटचा आडवा वारा लिहिलेला असतो. चाचणीत तेवढा पेलून दाखवला, एवढाच त्याचा अर्थ. नवशिक्यानं स्वतःची हद्द त्याच्या बरीच अलीकडे आखावी. झोतांचा वारा असेल तर झोत आणि स्थिर वाऱ्यातल्या फरकाचा निम्मा भाग फायनलच्या वेगात मिळवावा : १० नॉटचा वारा झोतांत १८ वर जात असेल तर ६५ चे ६९.

आणि बेसवरून वळताना रेषा हुकली, तर ती तशीच हुकू द्यावी. पूर्ण थ्रॉटल, नाक बेतानं वर, पंख सपाट, वेग आल्यावर फ्लॅप टप्प्याटप्प्यानं मिटायचे, आणि पुन्हा एक फेरी.