ब्लॅक मेसा : ‘हाफ-लाइफ’चे जग आणि वारसा

‘हाफ-लाइफ’ हा विज्ञानकथेवर आधारलेला संगणकीय खेळ अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने तयार केला आणि सिएरा स्टुडिओज या प्रकाशकाने तो नोव्हेंबर १९९८ मध्ये बाजारात आणला. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, बरेचसे जमिनीखाली वसलेल्या ब्लॅक मेसा या काल्पनिक संशोधनकेंद्रात त्याची कथा घडते. गॉर्डन फ्रीमन हा २७ वर्षांचा, एमआयटीतून सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला तरुण एका प्रयोगात भाग घेतो. प्रयोग हाताबाहेर जातो, झेन नावाच्या परक्या जगाकडे वाट उघडते आणि तिथले जीव केंद्रात घुसतात. जिवंत बाहेर पडण्याची धडपड हा खेळाचा मोठा भाग. शेवटी फ्रीमनला संकटाच्या मुळाशी, खुद्द झेनमध्ये जावे लागते. कथानक साधे आहे. ते सांगण्याची रीत मात्र त्या काळी नवी होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळणारा जे पाहतो ते फ्रीमनच्या डोळ्यांनीच. मध्येच कॅमेरा बाहेर काढून सिनेमासारखे प्रसंग दाखवले जात नाहीत, आणि फ्रीमन स्वतः एक शब्दही बोलत नाही.

गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या दोघांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह स्थापन केली. आयडी सॉफ्टवेअरकडून ‘क्वेक’ या खेळाचे इंजिन परवान्यावर घेऊन त्यांनी त्यात मोठे फेरफार केले. खेळ १९९७ मध्येच यायचा होता. पण तयार झालेला भाग कंपनीच्या मनाला पटला नाही. मग तोवर सुचलेल्या चांगल्या कल्पना एकाच लेव्हलमध्ये एकत्र करून पाहण्यात आल्या. तो नमुना जमला आणि बहुतेक काम नव्याने करायचे ठरले. प्रोग्रामर, चित्रकार, लेव्हल बांधणारे आणि विज्ञानकथालेखक मार्क लेडलॉ यांसारखे वेगवेगळ्या कामांतले लोक एकत्र बसून प्रसंग आखू लागले. या गटाला ‘कबाल’ असे नाव होते. बाहेरच्या माणसांना खेळायला बसवायचे, ती कुठे अडतात आणि कुठे कंटाळतात ते मागे बसून टिपायचे आणि त्यानुसार दुरुस्त्या करायच्या, अशी पद्धत होती. खेळातला प्रत्येक वळसा विचारपूर्वक घडवलेला वाटतो, तो या मेहनतीमुळे.

प्रस्तुत लेखकाची या खेळाशी ओळख उलट्या क्रमाने झाली. २००० नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रातील शहरांमधल्या सायबर कॅफेंत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत ‘काउंटर-स्ट्राइक’ हा दोन गटांतल्या चकमकीचा खेळ लॅनवर, म्हणजे आपसांत जोडलेल्या संगणकांवर, रंगत असे. लेखकही त्यात रमलेला होता. संगणकावर ‘काउंटर-स्ट्राइक’चा फोल्डर ‘हाफ-लाइफ’च्या फोल्डरच्या पोटात असे, कारण तो त्या मूळ खेळाच्या आधारानेच चालत होता. एका सुटीत सगळे घरी गेले आणि लॅन ओस पडली, तेव्हा लेखकाने हा मूळ खेळ उघडून पाहिला.

सुरुवात होते ती केंद्राच्या अंतर्गत ट्राममध्ये. फ्रीमन कामावर निघाला आहे. निवेदिकेचा आवाज प्रवाशांचे स्वागत करतो, सकाळचे ८ वाजून ४७ मिनिटे झाल्याचे सांगतो, जमिनीवरचे तापमान ९३ अंश फॅरनहाइट असल्याची माहिती देतो. ट्राम बोगद्यांतून, यंत्रशाळांवरून, रसायनांच्या हिरव्या डबक्याजवळून जात राहते. या काळात खेळणाऱ्याला डब्यात फिरता येते आणि खिडकीतून पाहता येते. करण्यासारखे दुसरे काही नसते. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या घाईला सरावलेल्या लेखकाला हा अवकाश आधी विचित्र वाटला. पण खिडकीबाहेर माणसे आपापल्या कामात गुंतलेली दिसू लागली, बंद दारापाशी खोळंबलेला पहारेकरी दिसला, आणि हे ठिकाण आपल्या येण्याआधीपासून चालू आहे अशी भावना मनात रुजली. खेळाचे जग खरे वाटण्यासाठी लागणारा विश्वास बंदूक हाती येण्याआधीच मिळवला जातो.

प्रयोगशाळेत शिरल्यावरही घाई नाही. सहकारी उशिरा आल्याबद्दल टोकतात. लॉकरच्या खोलीत फ्रीमनच्या कपाटात एका बाळाचा फोटो लावलेला आहे. चहापाण्याच्या खोलीतल्या मायक्रोवेव्हचे बटण पुन्हापुन्हा दाबले तर आतले जेवण फुटते आणि त्याचा मालक कुरकुरतो. संरक्षक पोशाख चढवून फ्रीमन चाचणीकक्षात जातो आणि स्फटिकाचा नमुना असलेली गाडी किरणांच्या झोतात ढकलतो. ही गाडी खेळणाऱ्याला स्वतः ढकलावी लागते. त्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. त्यामुळे पुढे जे घडते त्यात त्याचा हात असतो. हा प्रसंग पडद्यावर नुसता पाहिला असता तर ती अपराधाची बोच लागली नसती, असे लेखकाला आजही वाटते.

यानंतरची परतीची वाट हा या खेळातील सर्वांत परिणामकारक भाग आहे. काही वेळापूर्वी ज्या वाटेने फ्रीमन आला तिथूनच त्याला माघारी जायचे असते. आता दिवे लुकलुकत असतात, छत कोसळलेले असते, ओळखीच्या मेजांमागे शास्त्रज्ञ मरून पडलेले असतात. हेडक्रॅब हे लहान जीव माणसाच्या डोक्याला चिकटून त्याच्या देहाचा ताबा घेतात. पांढऱ्या कोटातला माणूस अजून ओळखू येतो, हे त्यातले भय. हाती येणारे पहिले हत्यार म्हणजे लोखंडी कटावणी. पुढे तीच फ्रीमनची ओळख ठरली.

वाचलेले लोक लष्कराची वाट पाहत असतात. सैनिक येतात, सुटका झाली म्हणून एक शास्त्रज्ञ त्यांच्याकडे धावतो आणि त्याला गोळी घातली जाते. प्रकरण दडपण्यासाठी साक्षीदार संपवण्याचा हुकूम आहे, हे कोणी भाषण करून सांगत नाही. ते समोर घडते. हे सैनिक आपसांत बोलतात, आडोसा घेतात आणि लपलेल्याला बाहेर काढण्यासाठी हातबॉम्ब टाकतात. त्या काळच्या खेळांतले शत्रू बहुधा सरळ चालून येत, म्हणून यांच्याशी लढणे वेगळे वाटले. ‘ब्लास्ट पिट’ प्रकरणात, रॉकेट इंजिनाच्या चाचणीसाठी बांधलेल्या खोल विहिरीसारख्या जागेत तीन अजस्र सोंडा आवाजाच्या रोखाने वार करतात. इथे बंदुकीचा उपयोग नाही. एका बाजूला हातबॉम्ब फेकून त्यांचे लक्ष वळवायचे, दुसऱ्या बाजूने दबक्या पावलांनी जायचे, इंधन, ऑक्सिजन आणि वीज सुरू करायची आणि अखेर ते इंजिन पेटवून त्यांना जाळायचे. जागेची रचना हेच कोडे आणि तीच कथा, असा मेळ इथे बसला आहे. हेडफोनमधून त्या सोंडांची धातूवरची ठकठक ऐकताना लेखकाचे बोट की-बोर्डवर आपोआप हलके होई.

शेवटची झेनमधील प्रकरणे त्या मानाने उणी आहेत. हवेत तरंगणाऱ्या खडकांवरून उड्या मारत जाणे त्रासाचे होते, आणि ब्लॅक मेसाच्या कार्यालयांत जी माणसांची चाहूल होती ती इथे नाही. तरीही शेवट लक्षात राहतो. संपूर्ण खेळभर दुरून न्याहाळणारा, ब्रीफकेसवाला गूढ माणूस समोर येतो आणि नोकरी देऊ करतो. ती स्वीकारायची की जिंकता न येणाऱ्या लढाईत मरायचे, एवढीच निवड उरते.

या खेळाचा वारसा दोन दिशांनी वाढला. पहिली दिशा इतरांना दिलेल्या मोकळीकीची. व्हॉल्व्हने लेव्हल बांधण्याचे साधन खेळाच्या सीडीवरच दिले होते. त्यातून हौशी लोकांनी असंख्य मॉड, म्हणजे मूळ खेळावर बेतलेले बदललेले खेळ, रचले. मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा त्यांतलाच एक. व्हॉल्व्हने तो आपल्याकडे घेतला, २००० मध्ये स्वतंत्रपणे विकायला आणला, आणि पुढे तो जागतिक स्पर्धांचा खेळ झाला. दुसरी दिशा कथेची. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला. त्यातील सिटी १७ या शहरावर कलादिग्दर्शक व्हिक्टर अँटोनोव्ह यांच्या पूर्व युरोपीय मुळांची छाप आहे. तो खेळण्यासाठी व्हॉल्व्हची स्टीम ही सेवा लागत असे, आणि संगणकीय खेळ इंटरनेटवरून विकत घेण्याची सवय जगभर रुजण्यात त्याचा वाटा मोठा आहे. २००७ च्या ‘एपिसोड टू’नंतर मुख्य कथा अर्धवट राहिली; २०२० चा आभासी वास्तवातील ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ बव्हंशी त्याआधीच्या काळात घडतो.

त्याच वर्षी चाहत्यांनी मूळ खेळ नव्याने बांधून ‘ब्लॅक मेसा’ या नावाने पूर्ण केला. क्रोबार कलेक्टिव्ह या गटाने त्याचा बराचसा भाग २०१२ मध्ये विनामूल्य दिला होता. झेनची प्रकरणे मात्र मुळातून रचायला आणखी काही वर्षे लागली. त्यांनी ती भव्य आणि सजीव केली, आणि मूळ खेळातले सर्वांत कच्चे अंग सावरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये, पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने, व्हॉल्व्हने जुन्या खेळाची सुधारित आवृत्ती आणि त्याच्या निर्मितीवरचा माहितीपट प्रसिद्ध केला. लेखकाने त्या वेळी दोन्ही रूपे पुन्हा खेळून पाहिली. नव्यात चित्रे कितीतरी सरस आहेत. तरी जुन्या खेळाची पकड सुटलेली नाही, कारण ती चित्रांवर अवलंबून नव्हती. माणसांनी भरलेली एक जागा आधी ओळखीची करून द्यायची, मग ती खेळणाऱ्याच्या हातून उद्ध्वस्त करवायची आणि त्या पडझडीतून त्याला स्वतःच्या पायांनी चालायला लावायचे, या रचनेत तिचे बळ आहे.